मेलेल्या बॅटरीचं पाणी

"...पण मामा, ही बॅटरी मेलेली आहे ना? मग हिला पाणी कशाला घालता?"

दिनकर वीरकरांच्या हातातलं भांडं हवेतच राहिलं.

विचारणारी त्यांची सून, ऋतुजा. लग्नाला आठ महिने झाले होते आणि दुकानाचा कॉम्प्युटर ताब्यात घेऊन पाच. शिकलेली, चौकस, आणि सासऱ्याला मुळीच न भिणारी पोर.

साताऱ्यातलं वीरकरांचं दुकान म्हणजे काचेचं दार, आत गारवा आणि फळ्यांवर नव्या बॅटऱ्यांची रांग. आताच्या बॅटऱ्या पाणी मागत नाहीत. त्यांना बुचंच नसतात, मागणार कुठून? एक दिवस गुपचूप मरतात आणि माणूस नवी घेऊन जातो.

मात्र दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, बाभळीच्या फळीवर, एक जुनी काळी बॅटरी होती. दर पंधरा दिवसांनी वीरकर तिच्यावरचं गोणपाट काढायचे, तिला पुसायचे, सहाही बुचं उघडायचे आणि पाणी घालायचे. चौतीस वर्षं.

मुलगा म्हणायचा, "बाबांचा देव आहे तो." कामगार मागच्या मागे हसायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हाताऱ्याला छंद आहे. सगळ्यांनी आपापलं उत्तर ठरवून टाकलं होतं, त्यामुळे विचारलं कुणीच नव्हतं.

ऋतुजानं मात्र विचारलं. विचारून ती निघून गेली नाही. तिनं स्टूल ओढलं आणि ती समोर बसली.

 वीरकरांनी भांडं खाली ठेवलं. डोळे भरून आले ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"बसलीस?" ते म्हणाले.

"बसले की."

"मग ऐक. तिकडं माणात आमचे एक उस्ताद होते..."

*

ती शेड आता नाही. नाक्यावरचा लिंबही नाही. तिथं हल्ली मोबाईलची दोन दुकानं आहेत. पण त्या काळी माणदेशात कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, बॅटरी कुणाकडं देतोस? तो दस्तगीर मुलाण्याचंच नाव घ्यायचा.

पत्र्याची शेड, आत ऍसिडचा नाकात झोंबणारा वास, आणि मधोमध उस्ताद. अंगात सदरा कमी आणि भोकं जास्त. ऍसिडचा एकेक थेंब पडून पडून त्याची चाळण झालेली. दर ईदला मुलगी नवा सदरा आणायची. बकरी ईदपर्यंत त्याचीही तीच गत व्हायची.

इतर गावांना हिवाळा म्हणजे हुरडा आणि लग्नाच्या तारखा. माणात हिवाळा म्हणजे टँकरची झोप. दसऱ्यापर्यंत विहिरींना थोडंफार पाणी आलेलं असायचं. मग टँकर माळावर एका ओळीत उभे राहायचे ते थेट होळीपर्यंत. गाडीत राहिलेली बॅटरी थंडीत बसून बसून मरते, म्हणून मालक बॅटऱ्या काढून उस्तादांकडे आणून ठेवायचे.

अकरा टँकर, अकरा बॅटऱ्या. बाभळीच्या फळ्यांवर मांडलेल्या, वर गोणपाट. नाक्यावरचे लोक तिला 'उस्तादची रांग' म्हणायचे.

आणि या शेडची एक रीत होती. ज्या शागिर्दानं अख्खा हिवाळा रांग सांभाळली आणि होळीला अकराच्या अकरा गाड्या पहिल्या चावीला उठवल्या, त्याला रंगपंचमीला उस्ताद आपली काचेची नळी द्यायचे. बॅटरीच्या पाण्याची ताकद मोजायची नळी. वर रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. काट्यावर लाल, पांढरा, हिरवा पट्टा. हिरवं म्हणजे पोट भरलेलं, लाल म्हणजे उपाशी.

ती नळी म्हणजे सनद. ती हातात असली तर मुलुखातला ड्रायव्हर तुमच्या दुकानाची पायरी चढणार. नसली तर बसा माशा मारत.

त्या वर्षी रांग दिनकरकडे होती. वय चोवीस. हाताला सफाई, डोकं तल्लख, आणि या दोन्ही गोष्टी त्याला स्वतःला फार लवकर कळलेल्या. साताऱ्यात त्यानं गाळा बघून ठेवला होता. पाटीवर कोणता रंग द्यायचा तेही ठरलं होतं. राहिली होती ती फक्त नळी.

*

कार्तिकातली सकाळ. थंडी मी म्हणत होती.

उस्तादांनी भांडं घेतलं आणि नेहमीप्रमाणं आधी रांगेच्या टोकाच्या बॅटरीकडे गेले. ती बारावी होती. जुनी, डबा वरच्या कडेला तडकलेला, माथ्यावरचं डांबर उललेलं. ती कुठल्याच टँकरची नव्हती. दिनकरनं एकदा तिला नळी लावून पाहिली होती. काटा तळाशी जाऊन बसला होता, हललासुद्धा नाही.

उस्ताद तिचं एकेक बुच उघडून पाणी घालू लागले.

"उस्ताद," दिनकर उभ्या उभ्या म्हणाला, "मेलेल्या बॅटरीला पाणी कशाला?"

उस्तादांचा हात थांबला...

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर एकदम असं काही उजळलं की जणू कुणी पाहुणा आला. त्यांनी भांडं खाली ठेवलं, बाजूचा रिकामा डबा पालथा घातला आणि हातानं त्यावरची धूळ झटकली.

"ये," ते म्हणाले.

पण दिनकर हसत होता. "शुद्ध पाणी बाटल्यांतनं येतंय साताऱ्यासनं, उस्ताद. ते मढ्याच्या तोंडात घालायचं? द्या ते भांडं हिकडं. जित्यांना घालतो."

आणि तो पुढच्या बॅटरीकडे गेलासुद्धा.

उस्ताद थोडा वेळ त्या पालथ्या डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भांडं उचललं आणि मेलेल्या बॅटरीचं उरलेलं पाणी पुरं केलं.

दिनकरला वाटलं, म्हाताऱ्याला निरुत्तर केलं आपण. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण रिकामा बैल हाकणाऱ्याला कुठं ते कळतं?

*

काम मात्र तो चोख करायचा. हे उस्तादही मान्य करत.

दर पंधरा दिवसांनी गोणपाट काढायचं. सोड्याच्या कोमट पाण्यानं टर्मिनलवरची पांढरी बुरशी धुवायची. कोरडं पुसून ग्रीसचं बोट फिरवायचं. बुचं उघडायची, पाणी बघायचं, कमी असेल तिथं घालायचं. मग नळी. आणि मग ज्या बॅटरीला भूक आहे तिलाच चार्जिंग.

"सगळ्यांना सरसकट लावू नगं," उस्ताद बजावायचे. "बॅटरी उपाशी मरती, तशी जादा जेवूनबी मरती."

"आणि पाणी कमी झालं तर?"

"पाणी."

"ताकद कमी झाली तर?"

"चार्जिंग."

"आणि चार्जिंगनंबी काटा वर नाय आला तर? थोडं ऍसिड..."

उस्तादांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"पोट भरल्यालं नाय," ते हळू म्हणाले, "पर त्वांडाला तूप लावून ढेकर द्यायला शिकवतोयस व्हय रं तिला?"

दिनकरनं पुढच्या बॅटरीचं बुच उघडलं.

*

पौषात उस्तादांना कऱ्हाडला जावं लागलं. लेकीचं बाळंतपण अवघड होतं. जाताना त्यांनी दिनकरच्या खांद्यावर हात ठेवला.

"महिना लागंल. रांग तुझी."

"काळजी नको, उस्ताद."

"काळजी नाय करत. सांगून चाललोय."

पहिला पंधरवडा बरा गेला. दुसऱ्या पंधरवड्यात साताऱ्याहून निरोप आला: गाळ्याला दुसरं गिऱ्हाईक लागलंय, आज येऊन बोल, नाहीतर गेला.

दिनकरनं नवव्या बॅटरीला चार्जिंग लावलं होतं. ते तासाभरानं काढायचं होतं. पण एस.टी. समोर उभी होती आणि गाळा साताऱ्यात होता.

गाळा पक्का झाला. पाटीवाल्याला भेटणं झालं. शेवटची गाडी चुकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये आला तेव्हा नवव्या बॅटरीचा डबा हाताला चटका देत होता. त्यानं सहा घरांची सहा बुचं उघडली. पाच घरांत पाणी तळाला गेलं होतं. सहाव्यात नव्हतंच. आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या, उन्हाळ्यातल्या आडासारख्या.

त्यानं पाणी घातलं. बॅटरी निवू दिली. पुन्हा चार्जिंग लावलं, या वेळी समोर बसून, डोळ्याला डोळा न लावता.

पाच घरं हिरवी झाली. सहाव्यात काटा लालवरच.

पुन्हा एक दिवस. लाल.

आणखी एक दिवस. लालच.

परवा उस्ताद येणार होते. साताऱ्यात पाटी रंगून तयार होती. एवढं एक घर वर आलं की झालं... अकरा बॅटऱ्या, प्रत्येकीला सहा घरं. सहासष्ट घरांतलं एक.

कोपऱ्यात ऍसिडचा काचेचा बुधला होता.

त्यानं फार नाही घातलं. पळीभर.

नळी लावली. काटा डुलत डुलत वर आला आणि हिरव्यावर जाऊन उभा राहिला, अगदी शहाण्या मुलासारखा.

दिनकरनं बुच घट्ट लावलं आणि गोणपाट ओढलं.

*

उस्ताद आले. नातू झाला होता. सगळ्या नाक्याला त्यांनी साखर वाटली. दिनकरला दुप्पट.

"नळी लावलीस?"

"लावली, उस्ताद."

"काय म्हणली?"

"सगळं हिरवं."

"बास तर मग."

त्यांनी गोणपाटाला हातही लावला नाही. उघडून बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं दिनकरला त्या क्षणी वाटलं आणि पुढं चौतीस वर्षं वाटत राहिलं. संशय घेणाऱ्याशी खोटं बोलणं सोपं असतं. या माणसानं त्याचा शब्द घेतला आणि साखरेचा हात धोतराला पुसून कामाला लागला.

*

होळी झाली. माळावर ड्रायव्हर जमले. एकेक बॅटरी चढली, एकेक चावी फिरली.

अकराच्या अकरा टँकर पहिल्या चावीला उठले.

ड्रायव्हरांनी दिनकरला खांद्यावर घेतलं. धुरात, गोंगाटात, तो हसत होता. नवव्या टँकरचा ड्रायव्हर जालिंदर तर गळ्यातच पडला. दिनकरला वाटलं, चला, सुटलो. उगाच भ्यालो.

रंगपंचमीला दोन दिवस होते. उस्तादांनी नळी गरम पाण्यानं धुऊन, नव्या फडक्यात गुंडाळून, कोनाड्यात ठेवलेली त्यानं पाहिली.

त्याच दुपारी जालिंदर पायी नाक्यावर आला. चेहरा धुळीनं माखलेला.

"खरातवस्तीवर गाडी बसली," तो म्हणाला. "काल सकाळी पहिली खेप खाली केली, इंजिन बंद केलं, परत उठलीच न्हाय. वस्तीनं ढकलून बगितली. समदा खडकाळ माळ, कुठं ढकलनार? दीड दिस झाला, दुसरी खेप न्हाय."

उस्तादांनी दिनकरकडे पाहिलं. रागानं नव्हे. नुसतंच.

"शिल्लक बॅटरी घे. तूच जा."

*

एस.टी.नं फाट्यापर्यंत. तिथून दोन मैल चढ. टँकरची बॅटरी म्हणजे बारीक पोरगं नव्हे. दिनकरनं पटक्याची चुंबळ केली आणि ती खांद्यावर घेतली. जालिंदर म्हणाला, आलटून पालटून घेऊ. दिनकरनं दिली नाही.

वस्तीवर बारा-पंधरा घरं. टँकरभोवती कळशा, डबे, घागरी, ड्रम. सगळी भांडी कोरडी. बायका सावलीला बसलेल्या. दावणीला एक म्हैस ओरडत होती. तिला गप्प करायलाही कुणी उठत नव्हतं.

दिनकर पोचला, बॅटरी खाली ठेवली आणि तिथंच बसला. छाती भात्यासारखी हलत होती.

एक म्हातारी उठली. ठकूबाई तिचं नाव. ती घरात गेली. रांजणाच्या तळाला तांब्या खरडल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

"घे बाबा," ती म्हणाली. "येवढं वझं आनलंस आमच्यापायी. आधी घोटभर पी."

तांब्यात अर्धा तांब्या पाणी होतं. गढूळ.

"आजी, नको. तुम्हालाच..."

"पी म्हनते न्हवं! दमून आल्याला मानूस दारातनं कोरडा जातो व्हय?"

तो प्यायला.

आयुष्यात पुढं त्यानं बरंच काही प्यायलं, चांगलंही आणि नको तेही. पण त्या अर्ध्या तांब्याची चव त्याच्या जिभेवरून गेली नाही.

आणलेली बॅटरी लावली. टँकर उठला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, म्हातारीनं त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

तेव्हाही तो काही बोलला नाही.

*

संध्याकाळी नववी बॅटरी शेडमध्ये परत आली. दिनकरनं ती उस्तादांसमोर ठेवली.

उस्तादांनी सहाही बुचं उघडली. कोनाड्यातलं फडकं सोडलं, नळी काढली आणि दिनकरच्या हातात दिली. त्या नळीला त्यानं याआधी शंभरदा हात लावला होता. पण आज ती जड लागली.

"वाच."

पहिलं घर. "लाल."

"मोठ्यानं."

"लाल!"

दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. लाल... लाल... लाल... लाल.

सहाव्या घरापाशी त्याचा हात थांबला.

"वाच की."

काटा वर होता. पांढऱ्याच्याही वर. जवळजवळ हिरवा.

उस्तादांनी नळीवर बोट ठेवलं.

"सहा भावंडं," ते म्हणाले. "एका घरातली. पाचजण उपाशी... आणि हा एकटाच जेवल्याला कसा?"

बाहेर लिंबावर कावळे परतत होते. 

"काटा खोटं बोलतो का रं, दिनकर?"

"नाही, उस्ताद."

"मग?"

"मी बोललो."

एकदा बांध फुटल्यावर सगळंच बाहेर आलं. गाळा, पाटी, चुकलेली गाडी, तापलेला डबा, पळीभर ऍसिड. साखरेबद्दलही त्यानं सांगितलं, ती गोड लागली नव्हती म्हणून.

 ऐकून झाल्यावर उस्तादांनी एवढंच विचारलं,

"वस्तीला सांगितलंस?"

"...नाही."

उस्ताद उठले आणि नमाजाला गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकर पुन्हा तो चढ चढला. खांद्यावर काही नव्हतं. तरी कालच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

त्यानं ठकूबाईच्या दारात उभं राहून सांगितलं. सगळ्या वस्तीसमोर. आवाज फाटला, पण सांगितलं.

 म्हातारीनं तोंड सोडलं. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. त्यात त्याची नसलेली बायकोही सुटली नाही. "मुडद्या! माझी म्हस रातभर वरडली!" असं म्हणत तिनं अंगणातला खराटाही उचलला.

मग दम लागून ती खाली बसली.

"आता आलाच हायस," ती म्हणाली, "तर त्या दोन घागरी आत न्हिऊन ठेव. माझी कंबार धरलीया."

त्यानं दोन नव्हे, वस्तीतल्या सगळ्या घागरी आत नेऊन ठेवल्या.

*

रंगपंचमीचा दिवस. नाक्यावर पोरं रंगात न्हाली होती. शेडमध्ये सामसूम.

दिनकर आला. पिशवी भरून आणली होती. निरोप घ्यायचा, पाया पडायचं आणि गावी जाऊन वडिलांच्या हाताखाली मेंढरं राखायची, एवढं त्यानं ठरवलं होतं.

उस्ताद टोकाच्या मेलेल्या बॅटरीला पाणी घालत होते.

दिनकर तिथं गेला. कार्तिकातला तो पालथा डबा अजून तिथंच होता. तो त्याच्यावर बसला. का बसला, त्याला सांगता आलं नसतं. 

"उस्ताद... ही बॅटरी कुणाची?"

उस्तादांचा हात थांबला. त्यांनी भांडं खाली ठेवलं. तेही खाली बसले, समोर, जमिनीवर.

"माझी," ते म्हणाले. "मी तुझ्यायेवढा व्हतो. मिरजेला. माझ्या उस्तादांची रांग व्हती. एक घर वर येत नव्हतं."

त्यांनी बोटानं तडकलेल्या डब्यावरची धूळ पुसली.

"मीबी पळीभरच घातलं."

"...मग?"

"डॉक्टरची जीप व्हती. बाळंतिणीला बघाया निघाला व्हता. वाटंत बंद पडली."

दिनकरनं वर पाहिलं.

"म्होरचं इचारू नगं," उस्ताद म्हणाले.

बाहेर कुणीतरी हलगी वाजवत गेलं.  पौषात लेकीचं बाळंतपण अवघड होतं तेव्हा महिनाभर हा माणूस कऱ्हाडला कसा बसला असेल, हे दिनकरला आत्ता कळलं. त्याला रडू आलं. स्वतःसाठी नव्हे, त्या समोरच्या चाळणीच्या सदऱ्यासाठी.

"उस्ताद, मी कार्तिकात विचारलं होतं. तवाच सांगायचं होतं मला."

"इचारलंस की," उस्ताद म्हणाले. "उभ्या उभ्या."

मग ते उठले. त्यांनी आपली ती जुनी बॅटरी दोन्ही हातांनी उचलली, लिंबाखाली नेली आणि उपडी केली. घळघळ आवाज झाला. कैक वर्षांचं पाणी मातीत गेलं. रिकामा डबा त्यांनी भंगाराच्या ढिगावर ठेवला. त्यावर क्षणभर हात ठेवला आणि उचलला.

आत येऊन त्यांनी नववी बॅटरी फळीसकट ओढली आणि दिनकरच्या पायाशी ठेवली. कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेली नळी काढली आणि तिच्यावर ठेवली.

दिनकर दचकून उठला. "नळी? मला? उस्ताद, अकरातली एक मेली माझ्या हातनं."

"व्हय."

"मग कशी घेऊ?"

"दोन्ही ने. एकली नळी तुला देत नाय मी."

"ह्या बॅटरीचं काय करू?"

"पंदरा दिसांनी पुस. बुचं उघड. पाणी घाल."

दिनकरनं बॅटरीवर हात ठेवला. डबा गार होता.

"मेली हाय ती, उस्ताद... किती दिवस घालू?"

उस्तादांनी तो पालथा डबा सरळ केला, धूळ झटकली आणि पुन्हा पालथा घातला.

"कुणी इचारून खाली बसंपतुर."